अंगावर येणारा आवाज

दुकानदारानं कापड फाडलं आणि माझी पोरगी काउंटरखाली गेली. घडलं ते एवढंच. सांगलीत हरभट रोडवरचं नेहमीचं दुकान, गावच्या ढोलवाल्यांना द्यायच्या फेट्यांसाठी पिवळं कापड घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. दुकानदार आप्पासोंनी ठाण उलगडलं, मोजलं, कडेला कात्रीनं एवढीशी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. मी टेलर आहे. माझं घर शिलाईवर चालतं, त्यामुळं तो आवाज माझ्या कानाला गोडच लागतो. सूत कसं आहे ते मी नुसत्या फाडण्यावरून सांगते. मी खुशीत होते. खाली बघितलं तर अपेक्षाचा हात माझ्या हातात नव्हता. ती काउंटरखाली, गाठोड्यांच्या फटीत, भिंतीला पाठ लावून बसली होती. कानाच्या मशीनची, डोक्याला चिकटणारी चुंबकाची चकती तिनं ओढून काढली होती आणि ती वायरीला लोंबत होती. फरशी ओली झाली होती. ती रडत नव्हती. डोळे माझ्याकडं होते, पण मला बघत नव्हते. "उंदीरबिंदीर दिसला का काय वो पोरीला?" शेजारची एक गिऱ्हाईक बाई म्हणाली. "व्हय, उंदीरच असंल," मी म्हणाले आणि हसले. मला असं नको त्या वेळी हसू येतं. लोकांना वाटतं, बाई भलतीच निगरगट्ट दिसते. आप्पासो पोतं घेऊन आले आणि त्यांनी फरशी पुसली.

घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, की दुकानात गर्दी होती, पंखे होते, म्हणून भ्याली असेल. दार उघडलं, कापड बेतायचं टेबल दिसलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. त्या टेबलाखाली अपेक्षाची जागा. तिचं अंथरूण, तिची बटणांची डबी, सगळं तिथंच. ऑपरेशन होऊन कानाचं मशीन सुरू झालं त्यालाही आता बरेच महिने झाले, आणि एवढे सगळे महिने ती खाली बसली होती आणि मी तिच्या डोक्यावर दिवसभर कापड फाडत होते. मी कात्री उचलली की ती उठून मोरीत जायची, नळ सोडून त्याच्यापुढं बसायची. शेजारच्या मंगलला मी कौतुकानं सांगायची, आमच्या पोरीला पाण्याचा लय नाद. नाद कसला, ती जीव घेऊन पळत होती. कात्री दिसली की पुढं काय येणार हे तिला कळत होतं, आणि मला चार वर्षांच्या पोरीएवढंही कळत नव्हतं. मी टेबलाखाली तिच्या जागेवर बसून बघितलं. तिथून माझी खुर्ची दिसते, पायडल दिसतं, वरच्या फळीची फट दिसते. कापड फाडणारे हात दिसत नाहीत. नुसता आवाजच येणार, कुठून ते न सांगता. अपेक्षा मोरीच्या उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती आणि तिच्या जागेवर मी बसले हे तिला बिलकुल आवडलेलं नव्हतं.

ती बहिरी आहे हे कळलं तेव्हा मी रडले, पण भ्याले नव्हते. बहिरेपण म्हणजे काय ते डोळ्यांना दिसत होतं. तिच्या पाठीमागं ताट आपटायचं, ती वळायची नाही; संपला विषय. खरी भीती मशीन सुरू केलं त्या दिवशी आली. पुण्याच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सगळ्यांनी मोबाइल वर धरले होते. बाकीच्या पोरांचे व्हिडिओ आम्ही पाहिले होते, की मशीन सुरू होतं, पोरगं दचकतं, मग हसतं, आई डोळे पुसते. मी पुसायला पदर तयार ठेवला होता. अपेक्षाचे पप्पा मदुराईहून व्हिडिओवर होते. ते तिकडं गलाईच्या दुकानात असतात, सोनं आटवायचं काम, आमच्या खानापूर-आटपाडीकडचे निम्मे पुरुष त्याच कामावर देशभर पांगलेत. मशीन लावणाऱ्या बाईंनी बटण दाबलं. अपेक्षानं आधी स्वतःचा दंड बघितला. मग दुसरा दंड, मग पोटावरचा फ्रॉक उचलून पोट बघितलं. काय चावलं ते ती शोधत होती. मग तिचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. "बघितलं का, आलं बघा ऐकू," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या वाजवल्या, आणि ती टाळ्यांनी खुर्चीवरून खाली पडली. तो व्हिडिओ अजून मदुराईच्या मोबाइलमध्ये आहे. त्यांनी तो कुणाला दाखवला नाही आणि मी पुसून टाका म्हणाले नाही.

सांगलीत ज्या मॅडमकडं आम्ही ऐकण्या-बोलण्याच्या शिकवणीला जातो त्या माया मॅडम माझ्याहून लहान आहेत, तरी मी त्यांना घाबरते. त्या म्हणाल्या होत्या, "ताई, आवाज अजून तिच्या कानात येत नाहीये. तो अंगावर येतोय. थोडा धीर धरा." मला तेव्हा ते बोलण्यापुरतं वाटलं. पण मग मी नीट बघायला लागले आणि जे बघितलं त्यानं झोप उडाली. नुसता आवाजच कुठं होता. गवतावर पाय टेकवला की ती पाय वर घ्यायची. दुधावरची साय ओठाला लागली की ओकायची. डोक्याला तेल लावायला घेतलं की अंग ताठ करायची. जिन्यावर मध्येच खाली बसून दोन्ही हातांनी पायरी धरायची, जिना हलतो आहे अशी. जगातली प्रत्येक गोष्ट तिच्याकडं चालूनच येत होती. फ्रॉकच्या आतल्या शिवणी तिला टोचायच्या, म्हणून मी तिचे सगळे फ्रॉक उलटे शिवायला लागले, शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत. "टेलरची पोरगी आणि उलटा फ्रॉक," मंगल म्हणते, "उद्या तू गिऱ्हाइकांचं ब्लाउज बी असंच शिवून दे." मी म्हणते, "देते की, नवी फॅशन म्हणून जास्त घेते." आणि आत येऊन अपेक्षाच्या मानेवर कुठं लाल झालंय का ते बघते. शिवण मला बाहेर काढता येते. आवाजाची शिवण कुठल्या बाजूला असते ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि या सगळ्याच्या वर एक भीती आहे, ती डॉक्टरांनीच हातात दिलेली. मशीन दिवसभर कानावर पाहिजे. ह्याच वयात डोकं आवाज शिकतं. ही वर्षं गेली की मशीन नुसतं दागिन्यासारखं. साताऱ्याला असल्या पोरांच्या आईबापांचा मेळावा झाला होता, तिथं फलटणच्या सोनियानं तिच्या साईराजला माइकपुढं उभं केलं. त्यानं चैत्र वैशाख सगळे महिने म्हणून दाखवले. शब्द जड होते, पण शब्द होते. मी आनंदानं टाळ्या वाजवायला हात उचलले आणि माझ्या मांडीवर अपेक्षानं चकती काढून माझ्या ब्लाउजमध्ये खुपसली. सोनिया ग्रुपवर रोज व्हिडिओ टाकते. मी प्रत्येकाला फूल पाठवते आणि मोबाइल उपडा ठेवते. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली, मोठाले स्पीकर लावलेली, तेव्हा अपेक्षानं मशीन काढून पिठाच्या डब्यात टाकलं आणि पुढं कितीतरी दिवस डोक्याला हात लावू दिला नाही. त्या दिवसांत तिचं जे शिकायचं राहिलं ते परत कधी येणार, असं मी माया मॅडमना विचारलं. त्या नुसतं म्हणाल्या की आता पुन्हा असं होऊ देऊ नका. मी दारं-खिडक्यांना जुन्या गोधड्या टांगल्या. पण सांगली काही माझ्या गोधड्यांनी ऐकणारी नाही.

आता पुन्हा होणार होतं, आणि तारीख ठरवून होणार होतं. अपेक्षाची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई बयाबाई, मी त्यांना आत्ती म्हणते, यांनी ऑपरेशनच्या आधी बिरोबाला नवस बोलला होता: पोरीला ऐकू आलं की तिला देवापुढं उभी करीन आणि ढोल ऐकवीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. आम्ही धनगर माणसं, आमच्या देवाला ढोलाशिवाय चालत नाही. मी आत्तींना त्या वेळी अडवलं नाही, कारण पोरीला ऐकू येणं ही गोष्टच इतकी लांबची होती, की तिथवर पोचल्यावर ढोलाचं कसं होईल याचा विचार कोण करतो. आत्तींच्या गावाकडं सगळा खडकाळ माळ आणि कुसळं. तेव्हापासून आत्ती त्याच्यावर अनवाणी मेंढरांमागं फिरतात. भेगांमध्ये मेण वितळवून भरतात. दिवाळीला मी त्यांचे पाय बघितले आणि नंतर बघायचं टाळलं. फोन आला की पहिला प्रश्न, "पोरगी काय म्हंती गं? आता ऐकती न्हवं?" खोटं कसं बोलू, ऐकती म्हणाले. "मग यंदाच्या जत्रंला आणा. माजं पाय बी दमलं आता."

माया मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मशीन मोठा आवाज आतल्या आत दाबतं, इजा होणार नाही. पण भीती दाबायचं बटण त्याच्यात नाही. ती एकदा पक्की बसली तर मशीन कायमचं सुटेल, असंही होऊ शकतं. मदुराईला फोन लावला. "आईचं मन मोड म्हणत न्हाई मी," ते म्हणाले, "आन पोरीला तरास दे म्हणत न्हाई. तूच बघ." घरातल्या पुरुषांचं हे लाडकं वाक्य आहे. तूच बघ म्हटलं की त्यांचं बघून झालेलं असतं. मी बघितलंच होतं. मी ठरवलं होतं की ढोल सुरू व्हायच्या आधी हळूच चकती काढून घ्यायची, वर टोपडं घालायचं, कुणाला कळणार आहे. देवाला कळलं तर कळलं, त्याच्याशी मी नंतर बोलेन. पण दुकानातल्या त्या प्रकारानंतर माझा स्वतःवरचा विश्वासच उडाला. एका कापडाच्या फाडण्यानं ही अवस्था होते तर तिथं तीस-चाळीस ढोल असतात. रात्रभर मी कुशी बदलल्या आणि सकाळी, फेट्यांची पिशवी आणि पोरगी घेऊन, एसटीत बसले. न जाण्याची माझी हिंमत नव्हती. आत्तींचे ते पाय डोळ्यांपुढून जात नव्हते.

गावात पोचलो तेव्हा आत्तींनी पोरीला जवळ घेतलं नाही. तिला एकदम धरलेलं आवडत नाही हे त्यांना मी सांगून ठेवलं होतं, आणि त्या ते पाळतात. त्या दोन हात लांब उकिडव्या बसल्या आणि तिच्या कानामागं निरखून बघायला लागल्या. "हिरवा दिवा लुकलुकतोय. म्हंजी चालू हाय," त्या म्हणाल्या. तेही मीच शिकवलेलं. मागच्या सुट्टीत सेल संपलेलं मशीन पोरीनं दिवसभर घातलं होतं, म्हणून मी घरातल्या सगळ्यांना दिवा बघायला शिकवलं होतं, आणि सगळ्यांत नीट आत्ती शिकल्या होत्या. माझी चकती काढायची युक्ती तिथंच संपली. चकती निघाली की दिवा बदलतो. टोपडं घालायला गेले तर त्यांनी ते हातानं बाजूला केलं. "झाकू नगंस. देवाला दिसू दे की." मी म्हणाले, "आत्ती, लांबनं ऐकवलं तर न्हाई का चालायचं? ती भिती वो लय." आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "भिती तर समदीच," त्या म्हणाल्या. "मी काय कमी भेले व्हय? ही अशीच ऱ्हाती का काय म्हणून रोज भेतीया. देवाचं देणं टाकलं आन दिलेलं परत गेलं तर कुणाच्या दारात जायचं?" मी टोपडं घडी करून पिशवीत ठेवलं. माझीच भीती, फक्त त्यांनी ती देवाच्या हवाली केली होती आणि मी माया मॅडमच्या.

देऊळ गावाबाहेर माळावर आहे. त्याच्यापुढं ढोलवाल्यांचं रिंगण. बायका रिंगणाबाहेर, जिचा नवस असतो ती तेवढी आत पायरीपर्यंत जाते. ढोल देवापुढं एकदा घुमला की आरतीपर्यंत थांबवायचा नाही, आणि बाईमाणसानं ढोलाला हात लावायचा नाही, हे सांगावं लागत नाही, ते आमच्याकडं लहानपणीच कळतं. म्होरक्याचा ढोल माझ्या सासऱ्यांचा, बिराप्पांचा. त्यांचा हात चालला की बाकीचे चालतात. आत्ती अपेक्षाला घेऊन पायरीशी गेल्या, तिला देवाकडं तोंड करून उभी केली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून जोडले. उलट्या शिवणीचा पिवळा फ्रॉक, कानामागं लुकलुकणारा दिवा. मग मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काठी उचलली. पहिला ठोका माझ्या छातीत लागला आणि मग सगळे ढोल एकदम सुरू झाले, झांजा त्याच्यावर, भंडारा उधळला, हवा पिवळी झाली. त्या पिवळ्यात मला फक्त पोरीची पाठ दिसत होती. ती चकती काढेल म्हणून मी वाट बघत होते. काढ, पोरी, फेकून दे, मी मनात म्हणत होते, आणि मग लक्षात आलं की तिचे दोन्ही हात जोडलेले आहेत आणि ते आत्तींच्या हातांत आहेत. तिचं डोकं मागं गेलं. तोंड उघडलं होतं. आवाज येत होता का नव्हता ते ढोलात कळायला मार्ग नव्हता. मी कधी निघाले ते मला आठवत नाही. डोक्यावरचा पदर पडला होता एवढं आठवतं. मी रिंगणात शिरले, मामांच्या पुढ्यात गेले आणि ढोलाच्या कातड्यावर पंजा टेकवला.

कातडं गरम होतं आणि हाताखाली जिवंत होतं. ते थांबलं. मागचे ढोल एकेक करून थांबले, एक झांज उशिरा वाजली आणि तीही थांबली. मामांची काठी वर होती. लग्न होऊन आल्यापासून ह्या माणसानं माझ्या तोंडाकडं कधी सरळ बघितलं नव्हतं. आता बघत होते. "मामा, पोरगी भ्याली," मी म्हणाले. "थांबा जरा." माझा आवाज मलाच परका वाटला. "क्रांते, काय केलंस गं ह्ये," आत्ती हलक्यानं म्हणाल्या, आणि त्यांचे हात सुटले. मला वाटलं आता सगळं गेलं, देवही गेला आणि मशीनही, आत्तींचे पायही फुकट गेले. अपेक्षाचा सुटलेला हात कानामागं गेला. चकतीवर गेला. आता ओढणार, आणि ह्या वेळी मी काही करू शकणार नव्हते, कारण ह्या वेळी तिचं बरोबर होतं.

तिनं ओढली नाही. तोंड अजून उघडं होतं आणि त्यातून एक "आ" आला, बारीक, तुटका. ती दचकली. तोंड मिटलं. मान वळवून तिनं आत्तींकडं बघितलं, मग मामांच्या ढोलाकडं. ढोल गप्प होता. तिनं ढोलावरची नजर न काढता पुन्हा तोंड उघडलं, "आ", आणि लगेच मिटलं. ढोल गप्पच. तेव्हा मला उमगलं, आणि इतक्या महिन्यांत कसं उमगलं नाही म्हणून मी गार पडले. मशीन काढलं की ही पोरगी सगळी गल्ली डोक्यावर घेऊन रडते. मशीन असताना तिच्या तोंडून कधी हुंकार निघाला नव्हता. मी समजत होते की ती आमच्या आवाजांना भिते, कात्रीला, टाळ्यांना, मिरवणुकीला. पण सगळ्यांत जवळचा आवाज तिचा स्वतःचा होता. ती रडली की तेच रडणं तिच्यावर उलटत असणार, अजून मोठं होऊन, आणि दुसऱ्याच्या आवाजापासून मोरीत पळता येतं, ह्याच्यापासून कुठं पळायचं. म्हणून तिनं तोंडच बंद ठेवलं होतं. एवढीशी पोरगी, एवढे दिवस, आणि घरात कुणाला पत्ता नाही.

"आ," ती म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. आपण म्हटलं की येतो, आपण थांबलं की थांबतो, हे ती करून बघत होती, घाबरत घाबरत. चकतीवरचा हात तिनं काढला नव्हता. दाबून धरला होता. माळावर तेवढी माणसं उभी होती आणि कुणी हलत नव्हतं. मामांनी वर धरलेला हात अजून खाली घेतला नव्हता. मागं कुणाचं तरी पोर काहीतरी विचारायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याला पोटाशी दाबलं. इतकी मी कधीच भ्याले नव्हते. अपेक्षानं छाती भरून श्वास घेतला, पुढचा आवाज मोठा काढायला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बिरोबाला मनापासून काही मागितलं: एवढ्या माणसांत आता कुणी खोकू नये.